समान चुकांचा पुरावा

परीक्षेतील अप्रामाणिकपणासाठी मराठीत आज जो शब्द सर्रास योजला जातो तो ‘कॉपी’ हा होय. हा शब्द इंग्रजीतून आला हे उघड आहे. परंतु मराठीत स्थिरावताना त्याने जे अर्थ धारण केले ते सगळेच मूळ भाषेत त्याला नाहीत. ‘त्याने कॉपी केली’ या वाक्यात तो कृतीचा वाचक आहे. ‘त्याच्या खिशात कॉपी सापडली’ येथे तो वस्तूचा, म्हणजे चिठ्ठीचा, वाचक होतो. ‘त्या केंद्रावर कॉपी चालते’ असे म्हटले जाते तेव्हा तो एका संपूर्ण व्यवस्थेचाच निर्देश करतो. चिठ्ठीवरून उतरवणे, शेजाऱ्याचे पाहून लिहिणे, खिडकीतून उत्तर पुरवले जाणे आणि मोबाइलवरून ते मागवणे या चार क्रिया स्वरूपाने, साधनांनी आणि त्यांत गुंतलेल्या माणसांच्या संख्येने अगदी भिन्न आहेत; मराठीने त्यांना एका नावाखाली आणले. त्याआधीचा ‘नक्कल’ हा शब्द अरबी. त्या भाषेत त्याचा मूळ अर्थ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे असा आहे, आणि सातबाऱ्याची नक्कल मागणारा शेतकरी आजही तो शब्द पूर्ण प्रामाणिकपणे वापरतो. शब्दांचा हा इतिहास केवळ कुतूहलाचा नाही. एका नावाखाली आलेल्या वस्तू एकाच जातीच्या असतात असा समज भाषा नकळत करून देते, आणि मग त्या सर्वांवर एकच औषध शोधले जाते. परीक्षेतील गैरप्रकार यंत्राने पकडण्याची जी चर्चा अलीकडे वाढली आहे तिच्यात हा दोष ठळकपणे आढळतो. ‘कॉपी पकडणारे यंत्र’ नेमके काय पकडते, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच विचारला जातो.

तो विचारला असता या साधनांचे दोन वर्ग पडलेले दिसतात. काही साधने परीक्षार्थीकडे पाहतात, काही उत्तरपत्रिकेकडे. पहिल्या वर्गाचा बोलबाला अधिक आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो. परीक्षादालनातील सीसीटीव्ही कॅमेरे त्यात येतात. २०२५ च्या दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी महाराष्ट्रातील संवेदनशील केंद्रांवर ज्या ड्रोन कॅमेऱ्यांची योजना जाहीर झाली तेही त्यात येतात. आणि २०२० च्या साथीनंतर घरबसल्या झालेल्या परीक्षांत विद्यार्थ्याची नजर पडद्यावरून किती वेळा ढळली याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीही त्यातच मोडतात. या साधनांना काही निश्चित क्षेत्र आहे हे मान्य केले पाहिजे. मार्च २०१५ मध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यात परीक्षाकेंद्राच्या भिंतीवर चढून नातलग चिठ्ठ्या पोचवीत असल्याची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. अशा ठिकाणी वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याचा उपयोग निःसंशय आहे. परंतु दालनाच्या आत, बाकावर बसलेल्या मुलाच्या बाबतीत कॅमेरा जे टिपतो ती मान वळणे, नजर फिरणे, हात खिशाकडे जाणे ही बाह्य चेष्टा होय. आठवत नसलेले आठवू पाहणारा विद्यार्थीही छताकडे आणि खिडकीकडे पाहतोच. ऑक्टोबर २०१९ मध्ये कर्नाटकातील हावेरी येथे एका खासगी महाविद्यालयाने विद्यार्थ्यांच्या डोक्यावर समोरून कापलेली पुठ्ठ्याची खोकी घालून परीक्षा घेतली, तेव्हा तिच्यावर चौफेर टीका झाली. नजरेवर पहारा बसवण्याच्या कल्पनेचे ते अगदी प्राथमिक, पण तर्कदृष्ट्या सुसंगत असे रूप होते, आणि विजेचाही खर्च नव्हता.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने खरा विचार करण्याजोगा आहे तो दुसरा वर्ग. येथे विद्यार्थ्याच्या शरीराकडे पाहिले जात नाही. त्याने लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या मजकुराशी ताडून पाहिला जातो आणि दोहोंतील साम्यावरून संबंधाचे अनुमान केले जाते. या पद्धतीचा उगम संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. चार्ल्स बर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये ‘स्कूल अँड सोसायटी’ या नियतकालिकात वस्तुनिष्ठ परीक्षांतील फसवणूक ओळखण्याविषयी एक छोटे टिपण लिहिले. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा विद्यार्थ्यांच्या जोड्यांत किती चुका सारख्या येतात हे आधी पाहावे, आणि संशयित जोडीतील सारख्या चुकांची संख्या त्या मानाने अवाजवी आहे की काय हे तपासावे, अशी त्यामागची कल्पना. पुढे १९३८ मध्ये आयबीएम कंपनीचे ८०५ क्रमांकाचे यंत्र आले. पेन्सिलीच्या खुणेतील ग्रॅफाइटमधून वीज वाहते या गुणाचा उपयोग करून ते उत्तरपत्रिका तपासत असे. हजारो उत्तरपत्रिका अशा रीतीने आकड्यांत उतरू लागल्यावर बर्डच्या कल्पनेला गणिती निर्देशांकांचे रूप मिळाले. विल्यम अँगॉफ यांनी १९७४ मध्ये अशा अनेक निर्देशांकांची तुलना केली, आणि त्यानंतर या विषयाला स्वतंत्र शाखेचेच स्वरूप आले.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. ज्या १९२७ साली बर्डचे टिपण निघाले त्याच साली पॉल मास या जर्मन पंडिताची पाठचिकित्सेवरील पुस्तिका प्रसिद्ध झाली, आणि त्याच साली पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने वि. स. सुखटणकरांच्या संपादकत्वाखाली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्वाचा पहिला खंडांश बाहेर काढला. या तिघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. तथापि तिघांपुढचा प्रश्न तर्कदृष्ट्या एकच होता: दोन लेखांत साम्य आढळते; त्यांपैकी एक दुसऱ्यावरून उतरवला गेला, की दोन्ही एका तिसऱ्यावरून उतरले, की साम्य आपोआप निर्माण झाले? कार्ल लाखमन याच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून, पाठचिकित्सेने या प्रश्नाचे उत्तर एका सूत्रात बांधले आहे. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ सारखा असेल तर त्यावरून त्यांचा विशेष संबंध सिद्ध होत नाही, कारण शुद्ध पाठ मूळ ग्रंथातूनच दोघींकडे स्वतंत्रपणे येऊ शकतो. अशुद्ध पाठ सारखा असेल तर मात्र त्याचे कारण शोधावे लागते. परीक्षेतील नकलेचा शोध घेणाऱ्यांनी हेच सूत्र संख्येच्या भाषेत पुन्हा शोधून काढले. आश्चर्य एवढेच की पोथ्यांच्या अभ्यासकांनी त्या सूत्राच्या मर्यादा ज्या काळजीने नोंदवून ठेवल्या आहेत त्या मात्र यंत्रांच्या पुरस्कर्त्यांनी फारशा हाताळलेल्या दिसत नाहीत.

सूत्राचा तर्क न्यायशास्त्राच्या परिभाषेत चांगला मांडता येतो. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, कारण धूर अग्नीवाचून संभवत नाही. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरे सारखी आली यावरून नकलेचे अनुमान करू गेल्यास हेतू सव्यभिचार ठरतो. ते साम्य ज्ञानामुळेही संभवते, किंबहुना ज्ञानाचे फळ म्हणजेच ते साम्य. दोन हुशार मुलींनी शंभरापैकी अठ्ठ्याण्णव उत्तरे सारखी लिहिली तर कोणताही शहाणा परीक्षक त्यांना दोषी धरणार नाही. सारख्या चुकांचे तसे नाही, असे वाटते. पण सर्व चुका एका मोलाच्या नसतात. ‘आशीर्वाद’ हा शब्द ‘आर्शिवाद’ असा लिहिण्याची चूक मराठी लेखनात इतकी रुळलेली आहे की ती दोन उत्तरपत्रिकांत आढळली म्हणून त्या दोहोंत काही संबंध आहे असे म्हणता येत नाही. ती ज्याला त्याला स्वतंत्रपणे सुचते. याउलट एकनाथांनी केलेल्या ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचा शक १५०६ ऐवजी १६०५ असा दोन शेजारच्या बाकांवर पडला, तर ती चूक बोलकी आहे. पाठचिकित्सक पहिल्या प्रकारच्या चुकीला संबंधाचा पुरावा मानत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या चुकीला मानतात. म्हणजे प्रश्न चुकांच्या संख्येचा नसून त्यांच्या दुर्मिळपणाचा आहे.

बहुपर्यायी प्रश्नांच्या बाबतीत हा भेद आकड्यांनी दाखवता येतो. चार पर्यायांपैकी तीन चुकीचे. ते तिन्ही सारखेच आकर्षक असतील तर एखाद्या प्रश्नात चुकलेल्या दोन विद्यार्थ्यांची चूक एकच असण्याचा संभव तीनात एक. दोघेही चुकलेले असे दहा प्रश्न घेतले आणि दहाही ठिकाणी चूक सारखीच निघाली, तर असे योगायोगाने घडण्याचा संभव ५९,०४९ त एक एवढा अल्प ठरतो, आणि नकलेचा संशय बळावतो. परंतु प्रश्नकर्ते चुकीचे पर्याय सारखे आकर्षक ठेवीत नाहीत. ठेवूही शकत नाहीत. ‘पंचवटी’चा समास विचारला तर ‘द्विगू’ न येणारा विद्यार्थी ‘कर्मधारय’कडे वळेल, ‘अव्ययीभाव’कडे क्वचितच. चुकणाऱ्या शंभरांपैकी ऐंशी जण एकाच पर्यायाला बळी पडतात आणि उरलेल्या दोहोंकडे दहा-दहा जातात असे धरले, तर चूक सारखी असण्याचा संभव शंभरात ६६ होतो, आणि दहाच्या दहा चुका सारख्या असण्याचा संभव सुमारे ६४ त एक. ५९,०४९ त एक आणि ६४ त एक यांतील अंतर म्हणजे एखाद्या मुलाचा निकाल रोखून धरणे आणि त्याला निमूट घरी जाऊ देणे यांतील अंतर होय. चांगले निर्देशांक चुकीच्या पर्यायांची ही लोकप्रियता हिशेबात घेतात हे खरे. पण ती कळण्यासाठी परीक्षार्थींची संख्या मोठी लागते. वर्गातील चाचणीला बसलेल्या साठ मुलांवरून ती ठरवू पाहणे म्हणजे तीन पोथ्यांवरून वंशवृक्ष काढण्यासारखे आहे.

याच पद्धतीचे अलीकडचे, आणि पुष्कळ नेटके, उदाहरण म्हणजे शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि तैवानचे मिंग-जेन लिन यांचा २०१५ चा निबंध. एका नामवंत विद्यापीठातील सामान्य विज्ञानाच्या परीक्षांना त्यांनी आपली रीत लावली आणि किमान दहा टक्के विद्यार्थ्यांनी एकमेकांचे पाहून लिहिल्याचा भक्कम पुरावा मिळाल्याचे नोंदवले. बरोबर उत्तरांच्या साम्यापेक्षा चुकीच्या उत्तरांचे साम्य अधिक प्रबळ गमक ठरते, हा त्यांचा निष्कर्ष लाखमनच्या सूत्राला दिलेला जणू संख्यात्मक दुजोराच आहे. निबंधाचे खरे बळ मात्र या सूत्रात नाही. ते आसनांच्या नोंदीत आहे. शेजारी बसलेल्या जोड्यांतील साम्य दूर बसलेल्या जोड्यांतील साम्याशी ताडून पाहता आल्यामुळेच, विद्यार्थी एकत्र अभ्यास करीत असल्यामुळे हे साम्य आले असेल, हा आक्षेप लेखकांना परतवता आला. मैत्री बाक बदलल्याने तुटत नाही. साम्य मात्र नाहीसे झाले. अशा रीतीने अंतर्गत पुराव्याला बाह्य पुराव्याची जोड मिळते. पोथी कोठे लिहिली गेली, कोणाच्या घराण्यात राहिली, हे कळल्यावर पाठभेदांचा अर्थ जसा पालटतो तसेच येथे घडले आहे.

या निबंधाच्या शेवटच्या निष्कर्षाविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. आसने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने वाटून दिली आणि देखरेख वाढवली, तेव्हा नक्कल जवळजवळ नाहीशी झाली, असे लेखक सांगतात. दोन उपाय एकाच वेळी योजल्यामुळे कोणत्या उपायाचा किती गुण आला हे यावरून सांगता येत नाही. शिवाय, आणि हे अधिक महत्त्वाचे, नक्कल थांबवली ती निर्देशांकाने नव्हे. ती थांबवली बाकांच्या अदलाबदलीने आणि दालनात फिरणाऱ्या माणसांनी; निर्देशांकाने ती थांबली एवढे मोजून दाखवले. मोजमापाच्या साधनाला उपायाचे श्रेय देण्याची ही चूक पुढील चर्चांत वरचेवर होताना दिसते.

आसनांची नोंद का मोलाची आहे, हे साध्या गुणाकारानेही कळते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात जोड्या १,७७० होतात. हजारात एकदाच चुकेल असा कडक निकष लावला, तरी या सर्व जोड्या तपासणारे यंत्र जवळजवळ दोन निरपराध जोड्यांवर बोट ठेवील. हाच वर्ग सहा-सहांच्या दहा ओळींत बसला असेल आणि तपास फक्त लगतच्या बाकांपुरता केला, तर जोड्या पन्नासच उरतात, आणि निरपराध जोडी सापडण्याचा संभव विसांत एक एवढा उतरतो. यंत्र तेच, निकष तोच; बैठकीचा तक्ता हाती आहे की नाही एवढाच फरक. असे असूनही वर्गपरीक्षेत हा तक्ता दाराबाहेर चिकटवलेला किंवा फळ्यावर खडूने लिहिलेला असतो, आणि परीक्षा आटोपली की तो पुसला जातो.

आतापर्यंतचा विचार बहुपर्यायी उत्तरांना धरून झाला. महाराष्ट्रातील शालान्त आणि विद्यापीठीय परीक्षांत उत्तरे मुख्यतः लिहावी लागतात, आणि ही पद्धत लेखी उत्तरांना लावण्याचा प्रयत्न होतो तेव्हा एक नवीच अडचण उभी राहते. ती अडचण गाइडांची आहे. एकाच गाइडातले उत्तर, शिकवणी-वर्गाने छापून दिलेली एकच टाचणे, शिक्षकाने उतरवून दिलेला एकच परिच्छेद शेकडो मुलांनी पाठ केलेला असतो. समजा, त्या गाइडात वरील शक १५०६ ऐवजी १५६० असा छापला गेला. परीक्षेत चाळीस मुले १५६० लिहितील. चूक दुर्मिळ आहे, सारखी आहे, आणि तरीही त्या चाळिसांपैकी कोणीही कोणाचे पाहिलेले नाही. पाठचिकित्सेत अशा चुकीला मूलादर्शाची चूक म्हणतात. ती सर्व वंशजांत उतरते, म्हणून वंशजांपैकी कोणत्या दोघांचे परस्परांशी अधिक जवळचे नाते आहे हे ठरवण्यास ती निरुपयोगी असते. आदर्श प्रत टेबलावर ठेवून, तिच्यापासून दोन उत्तरे एकाच रीतीने कोठे ढळली, एवढेच पाहावे लागते. ज्या यंत्राला गाइड ठाऊक नाही ते यंत्र पाठांतराला नक्कल समजणार.

हा धोका सर्वांना सारखा नाही. शहरातील ज्या मुलाच्या घरी चार पुस्तके आणि दोन शिकवण्या आहेत त्याच्या उत्तरात निरनिराळ्या उगमांचे मिश्रण होते. त्याच्या चुकाही मिश्र असतात. ज्या गावी एकच शिक्षक आणि बाजारात मिळणारे एकच गाइड आहे तेथील मुलीने प्रामाणिकपणे, रात्री जागून जे पाठ केले, ते तिच्या वर्गातल्या प्रत्येकीच्या उत्तराशी शब्दशः जुळणार. साम्यशोधक यंत्राची अतिव्याप्ती नेमकी तिच्या वाट्याला येते. याच्याशी मिळताजुळता अनुभव शेजारच्या क्षेत्रात आलेला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणारी सात साधने स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्रलिखित ठरवले. कारण स्पष्ट आहे: शिकून मिळवलेली भाषा ठरीव शब्दांची आणि ठरीव वळणांची असते, आणि ठरीवपणा हेच त्या साधनांचे गमक होते. ओपनएआय या कंपनीने आपले असे साधन अचूकतेच्या अभावी जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. दुसरीत घोकलेली आणि दहावीपर्यंत तशीच वापरलेली प्रमाण मराठी ही ज्यांच्या घरात अहिराणी, मालवणी किंवा गोंडी बोलली जाते त्या मुलांसाठी शिकून मिळवलेलीच भाषा होय.

सुखटणकरांपुढे हीच अडचण वेगळ्या रूपात आली होती. महाभारताची १,२५९ हस्तलिखिते संस्थेच्या कामात तपासली गेली आणि ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. पण या हस्तलिखितांचा शुद्ध वंशवृक्ष काढता येणार नाही, हे सुखटणकरांनी आरंभीच ओळखले होते. लेखनिक एकाच पोथीवरून उतरवीत बसत नसत. शेजारच्या मठातली दुसरी पोथी आणून ताडीत, समासात टिपा घालीत, आवडलेला श्लोक उचलीत. पाठांचा असा संकर झाल्यावर साम्यावरून वंश सिद्ध होत नाही. सुखटणकरांनी त्यावर काढलेला मार्ग असा की, परस्परांशी संबंध नसलेल्या परंपरा, उदाहरणार्थ उत्तरेची आणि दक्षिणेची, जेथे एकमत होतात तेथील पाठ विश्वसनीय मानावा. मराठी वर्गाच्या बाबतीत या मार्गाचा उलटा उपयोग संभवतो. जे साम्य गावोगावच्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या विद्यार्थ्यांत आढळते ते गाइडाचे साम्य म्हणून बाजूस काढावे. जे एका केंद्राच्या एका दालनापुरतेच उरते त्याचाच पुढे विचार करावा. हे काम यंत्र करू शकेल. मात्र त्यासाठी देवनागरीतील हस्ताक्षर यंत्राला वाचता आले पाहिजे, आणि ‘घर’, ‘घराने’, ‘घरातल्या’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे त्याला कळले पाहिजे. या दोन्ही गोष्टींसाठी मराठीत बरेच काम बाकी आहे.

येथे असे सुचवले जाण्याचा संभव आहे की, मग लेखी उत्तरेच सोडून द्यावीत आणि सर्व परीक्षा बहुपर्यायी कराव्यात, म्हणजे निर्देशांक सुखाने चालतील. २०२० आणि २०२१ मध्ये साथीच्या निमित्ताने अनेक विद्यापीठांनी बहुपर्यायी परीक्षा घेतल्याही. या सूचनेतील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. बहुपर्यायी उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याची भाषा उरतच नाही. उरतात ती चार अक्षरे. पाच वाक्यांचे उत्तर शेजाऱ्याकडून उचलायला वेळ लागतो, अक्षर वाचता यावे लागते, आणि उतरवणाऱ्याला त्यातले थोडेबहुत समजावे लागते. ‘क’ हा पर्याय उचलायला तीन बोटे पुरतात. म्हणजे ज्या परीक्षेत नक्कल मोजणे सर्वांत सोपे तिच्यातच नक्कल करणेही सर्वांत सोपे. आणि शोधाच्या सोयीसाठी उत्तरातून भाषा काढून टाकली तर मराठीच्या परीक्षेत मराठी लिहिण्याची गरजच राहत नाही. साहित्याच्या परीक्षेला ही किंमत परवडणारी नाही.

शोधापेक्षा अटकाव सोपा आहे, हे जुन्या परीक्षकांना ठाऊक होते. चीनमध्ये सुंग राजवटीत, अकराव्या शतकाच्या आरंभी, राजकीय परीक्षांच्या उत्तरपत्रिकांवरील नाव झाकून टाकीत. एवढ्यावर न थांबता कारकुनांकडून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल करवून ती नक्कलच परीक्षकापुढे ठेवीत, म्हणजे ओळखीच्या हस्ताक्षरावरून पक्षपात होऊ नये. गैरप्रकाराच्या बंदोबस्तासाठी नक्कल योजल्याचे हे उदाहरण शब्दार्थाच्या अभ्यासकाला मौजेचे वाटेल. आजची बारकोडची पट्टी त्याच घराण्यातली. शेजाऱ्याच्या बाबतीत याच जातीचा उपाय म्हणजे प्रश्नपत्रिकेचे निरनिराळे संच. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ते वापरले गेले आहेत. प्रश्न तेच, क्रम वेगळा. शेजारी पाहून मिळणारे अक्षर आपल्या प्रश्नाला लागू पडत नाही. लेखी परीक्षेतही वर्गापुरते असे संच काढणे संगणकामुळे मुळीच अवघड राहिलेले नाही. या साधनात कोणावर आरोप नाही, कोणाचे छायाचित्र नाही, आणि चुकले तरी त्याने निरपराध मुलाचे वर्ष बुडत नाही. तरीही शाळा-महाविद्यालयांच्या खरेदीच्या यादीत कॅमेरे आधी येतात.

संचांचा आणखी एक गुण असा की, साम्याच्या अभ्यासात सर्वांत कठीण असलेल्या प्रश्नाचे उत्तर ते अनायासे देतात. तो प्रश्न दिशेचा. दोन उत्तरपत्रिका जुळतात; पण कोणी कोणाचे पाहिले? निर्देशांक बहुधा जोडीविषयी बोलतो, आणि दोघांपैकी एकाला त्याची जाणीवही नसणे शक्य आहे. मागच्या बाकावरून आपल्या खांद्यावरून कोणी वाचीत होते हे समोरच्या मुलीला कसे कळावे? संच वेगळे असतील आणि ‘ब’ संच मिळालेल्याने ‘अ’ संचाची उत्तरे भरली असतील, तर दिशा उघड होते. लेखी उत्तरात ती दाखवणारे चिन्ह पोथ्यांच्या अभ्यासकांच्या नित्य परिचयाचे आहे. दोन ओळींच्या आरंभी एकच शब्द असतो, उतरवणाऱ्याची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरते, आणि मधला मजकूर गळतो. एका उत्तरपत्रिकेत ‘त्यामुळे’ने सुरू होणारी दोन वाक्ये असावीत आणि शेजारच्या उत्तरपत्रिकेत पहिल्याचा आरंभ दुसऱ्याच्या शेवटाला जोडला जाऊन अर्थहीन वाक्य तयार झालेले असावे, तर कोणती उत्तरपत्रिका आधीची हे निश्चितपणे सांगता येते. ते सांगण्यासाठी दोन्ही उत्तरे ओळीने, अर्थ लावीत वाचणारा परीक्षक लागतो. एका बैठकीत पन्नास उत्तरपत्रिका उरकणाऱ्या परीक्षकाला तेवढा वेळ मिळत नाही, आणि कॅमेऱ्यांसाठी निघणाऱ्या निधीतून परीक्षकाचा वेळ विकत घेण्याची तरतूद नसते.